भाषेने न दिलेले उत्तर

१९९० च्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी खासगी संगणक वर्गात ‘सी’ ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवत असे. स्वतः शिकलो होतो तो पुस्तके वाचून आणि वर्ग सुटल्यावर रात्री यंत्रासमोर बसून. सत्राच्या शेवटी परीक्षा असे आणि तिच्यात ‘पुढील ओळीचे उत्तर काय येईल?’ हा प्रश्न हमखास असे. त्यातली एक ओळ आमची फार लाडकी होती. ‘क’ या चलात ५ हा आकडा आहे. एकाच आज्ञेत त्याची किंमत शेजारी शेजारी दोनदा छापायची आहे आणि प्रत्येक वेळी किंमत घेतल्यावर ‘क’ एकाने वाढवायचा आहे. पडद्यावर काय दिसेल?

आमच्या टर्बो सीवर ‘६ ५’ दिसत असे. उत्तरसूचीत तेच होते. ‘सी उजवीकडून डावीकडे जाते’ असे कारणही आम्ही मुलांकडून पाठ करून घेत असू. एका वर्षी एका मुलाने त्या प्रश्नापुढे लिहिले, ‘सांगता येत नाही.’ मी शून्य गुण दिले. तो भेटायला आला आणि म्हणाला, “सर, मावसभावाच्या कॉलेजात युनिक्सचे यंत्र आहे. त्यावर ‘५ ६’ येते.” मी त्याला म्हणालो, “ते यंत्र वेगळे. परीक्षा आपल्या यंत्राची आहे.” तो काही बोलला नाही. गुण बदलले नाहीत.

बऱ्याच वर्षांनी ब्रायन कर्निगहन आणि डेनिस रिची यांचे १९७८ सालचे ‘द सी प्रोग्रामिंग लँग्वेज’ हे पुस्तक मी पहिल्या पानापासून सावकाश वाचायला घेतले. दुसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस आमच्या लाडक्या ओळीची सख्खी बहीण भेटली. असे लिहू नये, याचे उदाहरण म्हणून ती तिथे होती. एकाच आज्ञेतल्या किमती कोणत्या क्रमाने काढायच्या हे भाषेने ठरवलेले नाही, वेगवेगळी यंत्रे वेगवेगळी उत्तरे देतील, असे भाषेचा कर्ताच सांगत होता. मुलाचे उत्तर बरोबर होते. त्या दिवसापासून मला एका प्रश्नाने धरून ठेवले आहे: संगणकासारख्या काटेकोर यंत्रासाठी केलेली भाषा एखाद्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही असे ठरवते, ते का? आणि त्या मौनाचे पुढे काय होते?

मौनाची सुरुवात

हे मौन सीने शोधलेले नाही. जानेवारी १९६० मध्ये पॅरिसला युरोप-अमेरिकेतले तेरा जण जमले आणि त्यांनी अल्गोल ६० या भाषेचा आराखडा पक्का केला. पीटर नाउर यांनी संपादित केलेला तो अहवाल नेमकेपणाचा आदर्श मानला जातो. त्यातही ‘अपरिभाषित’ हा शब्द आहे. उदाहरणार्थ, एखादे आवर्तन यादी संपल्यामुळे थांबले, तर मोजणी करणाऱ्या चलाची किंमत त्यानंतर अपरिभाषित आहे, असे तो सांगतो. काही यंत्रांवर तो आकडा शेवटच्या फेरीचा राहिला असता, काहींवर त्याच्या पुढचा. कोणत्याही एका यंत्राला झुकते माप द्यायचे नव्हते. शिवाय, न ठरवता राहून गेलेल्या जागाही होत्याच. १९६७ मध्ये डोनाल्ड कनूथ यांनी अल्गोलमधल्या उरलेल्या अडचणींवर एक स्वतंत्र लेखच लिहिला.

म्हणजे मौन दोन प्रकारचे होते. एक ठरवून पाळलेले आणि दुसरे नजरचुकीने राहिलेले. पुढच्या इतिहासात या दोहोंची सतत सरमिसळ होत गेलेली दिसते.

शेर आणि पायली

सी भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये आकाराला आली. मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएलवरून केन थॉम्प्सन यांनी ‘बी’ केली आणि ‘बी’वरून रिची यांनी ‘सी’. तेव्हा तिच्यासमोर मुख्यतः एकच यंत्र होते, पीडीपी-११. भाषेचा कायदा असा वेगळा लिहिलेलाच नव्हता. कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेल्या ओळींचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्राम, जे करील तोच कायदा.

आमच्या ‘६ ५’ चे मूळही अशाच एका सोयीत आहे. छापण्याच्या आज्ञेला किती किमती दिल्या जातील हे आधी माहीत नसते. त्या किमती ताटांच्या चळतीसारख्या एकीवर एक ठेवल्या जातात. शेवटची किंमत आधी ठेवली तर पहिली किंमत चळतीच्या वर, ठरलेल्या जागी सापडते आणि पुढे किती आहेत हे तिच्यावरून कळते. म्हणून उजवीकडून डावीकडे. हा त्या मांडणीचा स्वभाव होता, भाषेचा नियम नव्हे. किमती चळतीऐवजी चिपच्या आतल्या कप्प्यांतून पोचवणाऱ्या यंत्रावर हे कारणच उरत नाही.

मग भाषा प्रवासाला निघाली. १९७८ च्या पुस्तकातच चार यंत्रांचा तक्ता आहे. पीडीपी-११ वर पूर्णांकाला १६ बिट, आयबीएम ३७० आणि इंटरडेटा ८/३२ वर ३२, हनीवेल ६००० वर ३६. हनीवेलवर एक अक्षर ९ बिटांचे, इतरत्र ८ चे. आयबीएमच्या ईबीसीडिक या अक्षरसंचात इंग्रजी वर्णमालेतल्या ‘आय’ आणि ‘जे’ या शेजाऱ्यांच्या मध्ये रिकाम्या जागा होत्या. त्यामुळे ‘एक मिळवले की पुढचे अक्षर’ हा हिशेबही तिथे कोलमडे. दोन बाइटांपैकी आधी कोणता ठेवायचा यावरही यंत्रांचे एकमत नव्हते. एका यंत्रावरचे ‘युनिक्स’ हे नाव दुसऱ्यावर अक्षरांची अदलाबदल होऊन ‘नक्सी’ असे उमटे, म्हणून त्या घोटाळ्याला गमतीने तेच नाव पडले.

आपल्याकडे १९५८ पासून दशमान वजने येऊ लागली. त्याआधीच्या बाजाराची ज्यांना आठवण आहे त्यांना ही स्थिती ओळखीची वाटेल. ‘दहा शेर’ म्हटले की सौदा होई, पण शेर या पेठेचा की त्या पेठेचा हे विचारावे लागे. सीमधला ‘पूर्णांक’ हा असाच शेर होता. आम्ही वर्गात ‘पूर्णांक म्हणजे दोन बाइट’ असे घोकून घेत असू. तो आमच्या पेठेचा शेर होता. आम्ही त्याला जगाचे माप समजत होतो.

समितीचे तीन शब्द

१९८० च्या दशकापर्यंत कंपायलर विकणारे अनेक झाले, आणि प्रत्येकाची सी थोडी वेगळी. १९८३ मध्ये अमेरिकन मानक संस्थेने एक समिती नेमली. तिचे काम सहा वर्षे चालले. डिसेंबर १९८९ मध्ये मानक मंजूर झाले आणि पुढच्या वर्षी ते आंतरराष्ट्रीय झाले. समितीपुढचा पेच सोपा नव्हता. सगळे ठरवून टाकले तर कुठल्या तरी यंत्रावर सी संथ होणार. काहीच ठरवले नाही तर मानकाला अर्थ नाही.

तोडगा म्हणून मौनाच्या तीन पायऱ्या केल्या गेल्या. पहिली पायरी कंपायलर करणाऱ्याने ठरवायच्या गोष्टींची. पूर्णांकाची लांबी यातली. काय ठरवले ते त्याने कागदोपत्री जाहीर केले पाहिजे. पेठेचा शेर किती, याची पाटी लावणे सक्तीचे झाले म्हणा. वजा ७ ला २ ने भागले तर भागाकार वजा ३ की वजा ४, हेसुद्धा १९८९ च्या मानकाने या पायरीवर ठेवले होते. १९९९ मध्ये ते वजा ३ असे कायम झाले. दुसरी पायरी अनिर्दिष्ट गोष्टींची. इथे काही पर्याय मान्य आहेत, पण कोणता निवडला हे सांगण्याचे बंधन नाही. तिसरी पायरी अपरिभाषित वर्तनाची. इथे मानक काहीच मागत नाही. पूर्णांकाची बेरीज त्याच्या कमाल मर्यादेपलीकडे गेली, रांगेबाहेरच्या घरात हात घातला, कुठेच न रोखलेला पॉइंटर, म्हणजे स्मृतीतला पत्ता, वापरला, तर पुढे काय व्हावे याबद्दल कायदा बोलत नाही.

आमची परीक्षेतली ओळ याच तिसऱ्या पायरीवर बसते. एकाच आज्ञेत, मध्ये कोणताही थांबा नसताना, एकच चल दोनदा बदलणे अपरिभाषित आहे. म्हणजे ‘५ ६ किंवा ६ ५’ हेही पूर्ण उत्तर नव्हे. तिसरेच काही आले तरी कायद्याने तक्रार करता येत नाही.

समितीचा हेतू वाईट नव्हता. यंत्रांत खरोखरच तेवढा फरक होता. ऋण संख्या मांडण्याच्या तीन रीती वापरात होत्या. बेरीज मर्यादेपलीकडे गेली की काही यंत्रे मुकाट्याने ऋण टोकाकडे वळत, तर काही काम थांबवून तक्रार करत. एका कंपनीच्या चिपांतही मेळ नसे. संख्येतले बिट ३२ घरे सरकवायला सांगितले, तर इंटेलची ८०८६ ते खरोखर सरकवून शून्य उरवी. तिचीच पुढची चिप ३८६ सरकवण्याच्या आकड्यातले खालचे पाचच बिट पाही, म्हणून ३२ म्हणजे तिला शून्य वाटे आणि ती संख्या जागची हलवतच नसे. अशा जगात प्रोग्रामरवर विश्वास टाकायचा आणि यंत्राचे जे स्वाभाविक असेल ते होऊ द्यायचे, हे धोरण शहाणपणाचे वाटले असणार.

पण एक माणूस अस्वस्थ झाला होता, आणि तो खुद्द रिची होता. मसुद्याच्या अखेरच्या टप्प्यात ‘नोएलियस’ नावाची एक खूणगाठ घालण्याचा प्रस्ताव आला. ती लावली की अमुक पत्त्यावरची वस्तू दुसऱ्या वाटेने कोणी बदलत नाही, असे कंपायलरने गृहीत धरायचे आणि त्या गृहीतावर वेग वाढवायचा. १९८८ मध्ये रिची यांनी समितीला पत्र लिहून याला कडाडून विरोध केला. समितीच्या नियमांत पूर्णपणे बसणाऱ्या, पण वरकरणी सुरक्षित दिसणाऱ्या प्रोग्रामांचा चुराडा करणाऱ्या करामतींचा हा परवाना होईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. प्रस्ताव मागे घेतला गेला. रिची यांनी ज्या परवान्याची भीती घातली तो मात्र अपरिभाषित वर्तनाच्या कलमात आधीच बसलेला होता. तो वापरायला कोणी तयार होईपर्यंत दिसत नव्हता, एवढेच.

सवलतीचा परवाना

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत यंत्रे एकमेकांसारखी झाली. अक्षर ८ बिटांचे, ऋण संख्या मांडण्याची एकच रीत, पूर्णांक बहुतेक ठिकाणी ३२ बिटांचा. ज्या विविधतेसाठी मौन पाळले होते ती ओसरली. मौन मात्र राहिले आणि त्याला नवे गिऱ्हाईक मिळाले.

कंपायलर हुशार झाले होते. त्यांनी मौनातून तर्क काढायला सुरुवात केली. तो तर्क असा: अमुक गोष्ट अपरिभाषित आहे. म्हणून नियम पाळणारा प्रोग्राम ती कधी करणार नाही. म्हणून ती घडत नाही असे धरून चालावे. म्हणून ती घडली आहे का, हे तपासणारी ओळ निरर्थक आहे. म्हणून ती गाळावी. चोरी बेकायदा आहे, म्हणून गावात चोरी होत नाही, म्हणून कुलपे काढून ठेवा, असे म्हणण्यासारखे हे आहे. तर्काची प्रत्येक पायरी कायद्यात बसते.

कंपायलर लिहिणाऱ्यांचीही बाजू आहे आणि ती ऐकली पाहिजे. मोठ्या प्रोग्रामात तेच तेच तपास शेकडो ठिकाणी नकळत येतात. ते ओळखून गाळले नाहीत तर यंत्र उगाच राबते. ६४ बिटांच्या यंत्रावर ३२ बिटांचा मोजणी-आकडा मर्यादा ओलांडणार नाही असे धरता आले, तर आवर्तनातल्या प्रत्येक फेरीचे काम वाचते. गिऱ्हाइकाला वेग हवा होता आणि वेगाच्या तुलना छापून येत होत्या. मौनाचा फायदा न घेणारा कंपायलर मागे पडला असता.

इथे संशोधकाला थबकायला लावणारा एक तपशील आहे. १९८९ च्या मानकात अपरिभाषित वर्तनाच्या व्याख्येला जोडून काय काय ‘अनुज्ञेय’ आहे ते सांगितले होते: घटनेकडे पूर्ण दुर्लक्ष करून येईल तो परिणाम येऊ देणे, त्या यंत्राच्या स्वभावाप्रमाणे आणि जाहीर केलेल्या रीतीने वागणे, किंवा काम थांबवणे. १९९९ च्या आवृत्तीत ‘अनुज्ञेय’च्या जागी ‘संभाव्य’ आले आणि ते वाक्य व्याख्येतून निघून टिपेत गेले. टीप बंधनकारक नसते. काहींच्या मते जुन्या शब्दाने कंपायलरला मर्यादा घातली होती आणि ती इथे सुटली. इतरांच्या मते ‘दुर्लक्ष करून येईल तो परिणाम’ यातच सर्व काही आले होते, बदल केवळ भाषेचा आहे. मला दुसरे मत शब्दशः अधिक बरोबर वाटते आणि पहिले हेतूच्या दृष्टीने. यंत्राचे जे स्वाभाविक ते होऊ द्या, असे १९८९ च्या वाचकाला ऐकू येत होते. दहा वर्षांनंतरच्या वाचकाला काहीही करायला मोकळीक ऐकू येऊ लागली.

किंमत कोणी मोजली

मौनाची पहिली मोठी किंमत कंपायलरच्या हुशारीआधीच मोजली गेली होती. नोव्हेंबर १९८८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला ‘वर्म’ तेव्हाच्या लहानशा इंटरनेटवरच्या हजारो यंत्रांत घुसला. त्याची एक वाट सीच्या ‘गेट्स’ या आज्ञेतून होती. ही आज्ञा बाहेरून आलेली ओळ साठवते, पण जागा किती आहे हे विचारत नाही. ओळ लांब असली की ती शेजारच्या स्मृतीत सांडते, आणि तिथे काय होईल याबद्दल भाषा गप्प. हे सगळे समितीचे काम चालू असताना घडले. तरी १९८९ च्या मानकात गेट्स राहिली. ती निघाली २०११ मध्ये.

दुसऱ्या प्रकारची किंमत अधिक चकवणारी होती. एप्रिल २००८ मध्ये अमेरिकेतल्या सर्ट या संगणक-सुरक्षा केंद्राने इशारा दिला की जागेबाहेर जाणारा पत्ता पकडण्यासाठी लिहिलेले काही तपास कंपायलर गाजावाजा न करता गाळून टाकतात. प्रथम त्यात जीसीसी या एकाच कंपायलरचे नाव होते. इतरही तेच करतात हे दिसल्यावर इशारा व्यापक करावा लागला. २००९ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातले एक उदाहरण गाजले. एका ठिकाणी पॉइंटर आधी वापरला होता आणि तो रिकामा आहे का याची तपासणी त्याच्या पुढच्या ओळींत होती. चूक माणसाचीच होती, क्रम उलटा झाला होता. पण कंपायलरने तर्क केला: वापरला आहे त्याअर्थी रिकामा नाही, मग तपासणी कशाला? ती गळाली आणि त्या फटीतून यंत्राचा पूर्ण ताबा घेता येतो हे दाखवले गेले. वाचणाऱ्याला तपासणी समोर दिसत होती, चालणाऱ्या प्रोग्रामात ती नव्हती. त्यानंतर लिनक्सचा गाभा तयार करताना कंपायलरला ही विशिष्ट हुशारी बंद ठेवायला सांगितले जाऊ लागले.

आज आपल्या खिशातल्या फोनचा, बँकेच्या यंत्रणेचा, रुग्णालयातल्या उपकरणाचा तळ मोठ्या प्रमाणात सी आणि तिची वंशज सी++ या भाषांत आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले की दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या त्यांच्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या गैरवापराचे असतात. हे बहुतेक याच मौनाच्या प्रदेशातले आहेत.

बोलणाऱ्या भाषा

मौन अपरिहार्य होते का? १९९५ मध्ये आलेल्या जावाने ‘नाही’ असे उत्तर दिले. पूर्णांक सगळीकडे ३२ बिटांचा, किमती काढण्याचा क्रम डावीकडून उजवीकडे, रांगेबाहेर हात घातला तर स्पष्ट तक्रार. आमची ओळ जावात लिहिली तर उत्तर ‘५ ६’, कुठेही. त्यासाठी जावाने वेगाची किंमत मोजली. अपूर्णांकांच्या बाबतीत तर तिलाही माघार घ्यावी लागली. तेव्हाच्या इंटेल चिपांवर अचूक सारखेपणा महाग पडे, म्हणून १९९८ मध्ये थोडा फरक चालवून घेतला गेला. चिप बदलल्यावर २०२१ मध्ये जावा पुन्हा मूळ कडक नियमावर आली. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्टने वेगळी वाट धरली. धोक्याचा प्रदेश तिथेही आहे, पण त्याला कुंपण आहे आणि आत जाताना प्रोग्रामरला तसे लिहून जावे लागते.

आणि सी? तिच्या २०२३ च्या मानकाने ऋण संख्या मांडण्याची एकच रीत मान्य केली. ज्या विविधतेसाठी बेरजेच्या उधाणाबद्दल मौन पाळले होते, तिची कागदावरची शेवटची खूणही गेली. तरी पूर्णांकाची बेरीज मर्यादेपलीकडे गेली तर काय, याचे उत्तर आजही ‘अपरिभाषित’ असेच आहे. मौनाचे मूळ कारण उरलेले नाही. ते आता टिकून आहे ते वेगासाठी.

मला यातून एक गोष्ट कळली, ती अशी की ठरवायचे नाही असे कोणी ठरवले, म्हणून निर्णय टळत नाही. तो दुसऱ्याच्या हातात जातो. आधी तो यंत्राच्या हातात होता, मग कंपायलरच्या हातात गेला. परिणाम ज्याला भोगावा लागतो त्या माणसाच्या हातात तो कधीच नव्हता. म्हणून मौन कुठे आहे हे शिकवणे उत्तरे शिकवण्याइतकेच गरजेचे आहे. आम्ही नेमके तेवढेच शिकवले नाही. ज्या जागी भाषा गप्प होती तिथे आम्ही आमच्या यंत्राचे उत्तर भरले, ते घोकून घेतले आणि त्यावर गुण दिले.

तो मुलगा आता चाळिशीच्या पुढे असेल. त्याच्या उत्तराला पूर्ण गुण होते. ते मी दिले नाहीत, आणि त्याने पुरावा आणला तेव्हाही ऐकून घेतले नाही, ही नोंद इथे करून ठेवतो.